बैठकीतली नांदेड-लातूर गाडी

नांदेडात एक घर होतं, घरात माणसं तीन. मी म्हातारी, माझा लेक विलास आणि लातूरची लेक, म्हणजे माझी सून रेखा. विलासनं बैठकीत खेळण्यातली रेल्वे मांडायला घेतली आणि लग्नघरी दारात चपला साचाव्यात तसे आमच्याकडं किस्से साचले.

*

बँकेतून रिटायर झाल्यापासून विलास नुसता खिडकीत बसायचा. जेव म्हटलं तर जेवायचा, बोल म्हटलं तर न्हाई. एक दिवस प्लायवूड घेऊन आला. बैठकीत फळ्या ठोकल्या, रूळ मांडले अन् त्याचं तोंडच सुटलं. "आई, हे नांदेड. इकडं लातूर. मधी डोंगर अन् बोगदा."

रेखा म्हणाली, "लग्न झाल्यापासून माहेरी सोडायला कधी आला न्हाईत. आता लातूरच घरात आणून राहिलात."

*

डोंगर मी केला. जुने पेपर भिजवले, मेथी वाटून घातली, टोपलीला करतो तसा लगदा कुटला अन् पातेल्यावर थापला. वाळल्यावर लई झकास दिसला. एका बाजूनं तोंड कापलं. इंजिन आत गेलं, ते गेलंच.

"आई, बाहेर निघायचं भोक?"

"टोपलीला दोन तोंडं असतात का रे?"

*

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या. आमच्या महालक्ष्म्या बैठकीतच उभ्या राहतात. "हलवा ही रेल्वे," रेखा म्हणाली. हलवायला गेलो तर फळी दारापेक्षा रुंद! आत बसूनच ठोकलेली. तिरपी केली, उभी केली, न्हाई म्हणजे न्हाई.

रेखानं करवत आणून दाराशी ठेवली. "महालक्ष्म्या येतील तेव्हा गाडी फिरत असली तर आरास म्हणून राहू द्या. न्हाई तर कापा."

विलासचं तोंड पुन्हा खिडकीकडं वळलं. म्हटलं, हा परत मुका होतो की काय!

*

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी विलासनं डोंगराला दुसरं तोंड कापलं अन् गाडीनं पहिली फेरी मारली. मला काय आनंद झाला! म्हटलं, नवी गाडी, पूजा नको? इंजिनासमोर लिंबू ठेवलं. इंजिन धडकलं अन् उताणं पडलं. लिंबाला काही झालं न्हाई.

मग तुपात कुंकू कालवून दोन्ही रुळांना लावलं, नांदेडपासून लातूरपर्यंत. गाडी जागची हलेना.

"आई," विलास कपाळाला हात लावून म्हणाला, "करंट रुळातूनच येतो गं."

रेखा उठून दाराकडं गेली. मी डोळे मिटले. उघडून पाहते तर ती करवत ओलांडून गेली होती. आतून स्पिरिटची बाटली आणली, पदर खोचला अन् वाकून रूळ पुसायला लागली. सुरुवात लातूरपासून.

*

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं घरच्या सुनेनं मुखवटे घेऊन उंबऱ्यात उभं राहायचं अन् सासूनं आतून विचारायचं, महालक्ष्मी आली कशाच्या पावलानं? सून म्हणते, सोन्याच्या पावलानं, गाईवासराच्या पावलानं. ती म्हणेल ते घरात येतं.

दारापासून बैठकीपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. रेखा हातात मुखवटे घेऊन उभी. विलासनं बटण फिरवलं. गाडी बोगद्यात शिरली अन् दुसऱ्या तोंडानं बाहेर आली, डुलत डुलत.

मी विचारलं, "महालक्ष्मी आली कशाच्या पावलानं?"

रेखानं विलासकडं पाहिलं.

"लातूरच्या गाडीनं," म्हणाली, अन् उंबरा ओलांडून आत आली.