बार मोजताना

जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचा फाटा आहे. फाट्यावर उतरले की आधी क्रशरची धूळ दिसते आणि मग गाव दिसते. धुळीच्या पलीकडे काळ्या दगडाची खदान आहे, अलीकडे जिल्हा परिषदेची शाळा. त्या शाळेत मी शिकवते. माझे यजमान त्या खदानीत ब्लास्टर होते.

खडकाला भोके पाडून त्यांत स्फोटके भरायची आणि ती उडवायची, याला आमच्याकडे बार लावणे म्हणतात. बार दुपारी शाळा सुटायच्या सुमारास लागत. गावातल्या बायका बाराच्या आवाजावर चहा ठेवत. माझ्या वर्गातली मुले तर घंटा झाली तरी दप्तर भरत नसत. बार झाला की मगच शाळा सुटली, असा त्यांचा हिशेब होता आणि मी तो कधी मोडला नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम धाडसाचे वाटते. प्रत्यक्षात ते परवानगीचे काम आहे. खदानीतली काही कामे केवळ येतात म्हणून करता येत नाहीत. ती करण्याचे प्रमाणपत्र जवळ असावे लागते. ब्लास्टरच्या प्रमाणपत्रासाठी आधी हाताखाली काम केल्याचा अनुभव लागतो, प्रथमोपचाराचा दाखला लागतो, अधिकाऱ्यांसमोर तोंडी परीक्षा द्यावी लागते. आणि एवढे सगळे मिळाल्यावरही ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते, कारण परवाना माणसाच्या नावावर असला तरी तो त्याच्या डोळ्यांना, हातांना आणि कानांना दिलेला असतो.

कानांना का, हे सांगायला हवे. बार एकामागून एक उडतात. भोके जितकी भरली तितके आवाज ऐकू आले पाहिजेत. एक आवाज कमी पडला तर एक बार खडकात जिवंत राहिला असे धरायचे, नियमात दिलेला वेळ थांबायचे आणि कोणालाही खाली उतरू द्यायचे नाही. त्यांच्या तोंडी परीक्षेची तयारी मीच करून घेतली होती, म्हणून हा प्रश्न मला पाठ आहे. बार उडाल्यावर ब्लास्टरचे पहिले काम कोणते? मोजणे.

आमच्या खदानीत दोघे मोजत. एका बाजूच्या आडोशातून ब्लास्टर आणि खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवरून मेट. मेट म्हणजे मजुरांवर देखरेख करणारा. त्याचेही वेगळे प्रमाणपत्र असते. मध्ये खड्डा, हवेत धूळ, म्हणून ओरडून उपयोग नसे. मोजून झाले की ब्लास्टर लाल झेंडा तितक्या वेळा उचलत असे. मग मेट आपला आकडा तसाच दाखवत असे. दोन्ही जुळले की शिट्टी होई आणि रस्त्यावरचा दोर सोडला जाई.

गेल्या काही वर्षांत घरात छोटे बदल झाले होते. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर हे येत नसत. समोर जाऊन बोलले तर बरोबर उत्तर देत. विहारात पौर्णिमेला वंदना म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या एक शब्द पुढे धावू लागला होता. शेजारच्या मावशी ओट्यावरून म्हणत, "अख्खी शाळा बाईला भेती, अन् घरचा इद्यार्थी ऐकत न्हाई!" मी हसत असे. शाळेत अशी मुले असतात. त्यांना मी लक्ष नसलेली मुले म्हणते, आणि यांचेही लक्ष खदानीत असते असे मी धरून चालले होते.

एका दुपारी केंद्रावर बैठक असल्यामुळे मी शाळेतून घंटेच्या थोडे आधी निघाले. रस्त्यावर दोर लागलेला होता. स्कूटी थांबवली. माझ्या मागे घनसावंगीला जाणारी एक भरलेली जीप येऊन थांबली. तिच्या ड्रायव्हरने मला ओळखले.

"बाई, साहेबाला सांगा ना, जल्दी उडवा म्हणा. हे पाहुणे लग्नाला निघालेत. असेच थांबले तं बारशाला पोचतील."

जीपमधली माणसे हसली. तेवढ्यात बार सुरू झाले. शिक्षकाच्या सवयीने मी हँडलवर बोटांनी मोजले. सात. आडोसा रस्त्याच्या अंगाला असल्यामुळे हे मला पाठमोरे दिसत होते. आता हे झेंडा उचलतील, म्हणून मी पाहत राहिले.

त्यांनी झेंडा उचलला नाही. त्यांची मान खड्ड्यापलीकडे लागली होती. पलीकडे मेटचा झेंडा वर गेला, खाली आला, असे सात वेळा झाले. त्यानंतर यांचा झेंडा सात वेळा वर गेला.

वर्गात शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिणारे मूल ओळखायला डोळ्यांकडे पाहावे लागत नाही. त्याची मान पुरते. ती आधी स्थिर होते, शेजाऱ्याचे लिहून होईपर्यंत तशीच राहते, आणि मग हात चालू लागतो. ही मान मी वर्षानुवर्षे पाहिली आहे. ती मला त्या दिवशी आडोशात दिसली.

शिट्टी झाली. हे खड्ड्यात उतरले. मेट कडेकडेने रस्त्यावर आला, दोर सोडता सोडता मला म्हणाला, "वहिनी, आज मधीच इकडं?"

मी विचारले, "आधी झेंडा तुम्ही दाखवता?"

"हौ. दिवाळीपासून." तो खूश दिसत होता. "दादाच म्हणले. मी आधी दावला तं तू माझं पाहून दावशील, म्हणले. ती नक्कल झाली. तू आधी दाव, मंग मी तपासतो. ब्लास्टरच्या परीक्षेला बसायचंय ना मला."

"आणि तपासतात?"

"रोज. पण अजून एकदा बी चूक निघली न्हाई माझी, वहिनी. सगळं बराबर."

मागून जीपने हॉर्न दिला. मी बैठकीला गेले. बैठकीत जे सांगितले ते लिहून घेतले. मला भीती वाटायला हवी होती, असे नंतर पुष्कळदा मनात आले. त्या वेळी काहीच वाटले नाही. हात लिहीत होता.

संध्याकाळी चहा दिला आणि मी त्यांच्या समोर बसले.

"आज किती बार होते?"

"सात."

"कोणी मोजले?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. मी प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यांना तो कळला होता.

"मेटनं," ते म्हणाले.

"तुम्हाला किती ऐकू आले?"

"ऐकू येतच न्हाई आता. पायाला कळतात. आडोशात चप्पल काढून उभा राहतो मी. जमीन सांगती."

"आणि दोन बार अगदी जवळजवळ झाले तर?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "कानाला दोन कळतात. पायाला एकच."

"मेटची मोजणी चुकली तर?"

"तो हुशार हाय."

"चुकली तर?"

याचे उत्तर आम्हा दोघांनाही येत होते. तोंडी परीक्षेत तेही होते. मोजणी चुकली तर जिवंत बारावर माणसे चढतात, त्यांच्या हातात पहार असते, आणि सगळ्यांत पुढे मेट असतो.

"पुढल्या हप्त्यात तपासणी हाय," ते म्हणाले. "तू संग चल. तिथला पोरगा दाराआडून नाव पुकारतो, मला कळायचं न्हाई. पण आत काही बोलू नको. ब्लास्टरशिवाय मला दुसरं काय येतंय?"

मी मान हलवली. त्या मानेचा अर्थ मलाही ठरवता आला नव्हता.

नवीन जालन्यात एका बँकेच्या वरच्या मजल्यावर तो दवाखाना होता. नाव पुकारले तेव्हा मी त्यांच्या कोपराला हात लावला. आम्ही आत गेलो. डॉक्टर तरुण होते, नम्र होते आणि घाईत होते. रक्तदाब पाहिला. तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावली. यांनी शेवटची ओळही वाचली. डॉक्टर समोर बसून, मान वर करून, स्पष्ट बोलत होते. अशा माणसाचे बोलणे यांना पूर्ण कळते.

"ऐकायला वगैरे ठीक?"

"बिलकुल ठीक, साहेब."

डॉक्टरांनी पेन उचलले. यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी नव्हती. घरी मीठ कमी आहे का, भाजी आणायची का, हे विचारताना आम्ही एकमेकांकडे जसे पाहतो, तसेच ते पाहणे होते. काही बोलायचे नाही असे मला सांगितलेले होते आणि मी बोलले नाही. आवाज न काढता फक्त ओठ हलवले: मागे फिरा.

ते त्यांनी वाचले. ते मला दिसले. आपण पाहिलेच नाही असे त्यांना सहज दाखवता आले असते; त्यासाठी नजर तसूभर हलवणे पुरेसे होते. त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरले आणि ते भिंतीकडे वळून बसले.

"आता इचारा, साहेब."

डॉक्टर हसले. "काय विचारू?"

उत्तर नाही.

डॉक्टरांचे हसू गेले. "तुमचं गाव कोणतं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले. मग मोठ्याने विचारले, "दादा, गाव कोणतं तुमचं?"

भिंतीवर एका बियाणे कंपनीचे कॅलेंडर होते. त्यावरच्या कपाशीच्या बोंडाकडे पाहत हे ताठ बसून राहिले होते. शाळेत उभे केलेले मूल असेच दिसते, सगळे उत्तर पाठ असल्यासारखे. थोड्या वेळाने, मान न वळवता, ते म्हणाले:

"इचारलं का?"

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांना हळूच आमच्याकडे वळवले. मग त्यांनी जे लिहायचे ते लिहिले. कानाचे यंत्र घ्या, घरात बरे पडेल, असेही ते म्हणाले. या कामासाठी मात्र ते चालणार नव्हते.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. शेजारी बसले की माझे तोंड त्यांना दिसत नाही, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न नव्हता. मी मनात दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या तासाची आखणी केली. हातच्याची वजाबाकी होती.

मेट संध्याकाळी घरी आला. यांनी त्याला सगळे स्वतःच सांगितले, मधे न थांबता. दुसऱ्या खदानीतून परवानाधारक माणूस येईपर्यंत बार बंद राहील, हेही सांगितले. मेट ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हंजी दिवाळीपासून," तो म्हणाला, "माझं कुणीच तपासत नव्हतं?"

तो त्यांच्या अगदी समोर बसला होता. शब्द न् शब्द त्यांना कळला असणार. त्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. मेट पाणी प्यायला, त्याने तांब्या जागेवर ठेवला, आणि चपला घालताना त्याचा हात दाराच्या चौकटीवर बराच वेळ राहिला.

पुढे तो परीक्षेला बसला आणि आता तोच ब्लास्टर आहे. हे वजनकाट्यावर असतात. तिथे ट्रकवाला पावती पुढे करतो, आकडा समोर दिसतो, कोणाचे ऐकावे लागत नाही. दोघे रस्त्यात भेटले तर थांबतात. पूर्वीइतके बोलत नाहीत.

रविवारी काटा बंद असतो. बार मात्र कधीकधी लागतो. त्या वेळी हे चपला काढून ओट्यावरच्या फरशीवर पाय टेकून बसतात. मी चहा ठेवते आणि दारात येऊन उभी राहते. बार झाले की आम्ही बोटे दाखवतो. आधी ते, मग मी. हा क्रम त्यांनीच ठरवला आहे आणि त्यात ते बदल होऊ देत नाहीत. बहुतेक वेळा बोटे जुळतात.

परवाच्या रविवारी दोन बार अगदी लागून झाले. त्यांनी सहा बोटे वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मी सात दाखवली. त्यांनी माझी बोटे एकेक करून पाहिली. आपले सातवे बोट त्यांनी उचलले नाही. सहाच बोटे त्यांनी थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि खदानीच्या बाजूला शिट्टी कधी होते ते कळावे म्हणून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.