रोज नवा प्रोजेक्ट

कामोठ्याहून महापेला ऑफिसला जाताना बसमध्ये एक काका बहुतेक वेळा माझ्या शेजारी बसत. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, डब्याच्या पिशवीवर लॅपटॉप. ब्राउझरमध्येच कोडिंग करायची साइट उघडत, एखादी तयार टेम्प्लेट निवडत आणि घरात बारसं असल्यासारखे खुलून प्रोजेक्टला नाव देत. मिनिटभरात नमुन्याचं पान झळकलं की लॅपटॉप मिटत आणि डोळेही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी टेम्प्लेट, नवं नाव. स्वतःची एक ओळ नाही.

मला त्यांची कीव यायची. तसं त्यांच्या शेजारी बसून मीही तेच करायचो, पण माझ्या डोक्यात मोठमोठी ॲप्स असायची. सोसायटीच्या पार्किंगचं, भाजीचं, ध्यानाचं. ध्यानाचं तर तीनदा सुरू केलं होतं.

शेवटी राहवलं नाही. विचारलं, "काका, कालचं पूर्ण का नाही करत?"

ते ओशाळले. "तुमचंच बघून शिकलो ना मी. पण तुमी इथपर्यंतच करता. याच्या पुढे काय करायचं असतं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"माझा स्टॉप आला," म्हणालो आणि उतरलो. महापे अजून बरंच लांब होतं.