बाइंडिंगला गेलेला अंक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. निवृत्तीच्या समारंभात विद्यार्थ्यांनी माझ्या सचोटीवर भाषणं केली, तेव्हा जिभेवर आलं होतं — पण गळ्यात हार होता आणि समोर फोटोवाला उभा होता. गिळून टाकलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती मला कधी झालीच नाही.

राहुरीच्या अलीकडे आमचं शेतकी कॉलेज होतं. बहात्तरच्या दुष्काळाआधीची एक-दोन वर्षं आणि मग ते वर्ष — तेवढाच हा काळ. मी आणि यासीन एकाच खोलीत राहायचो. दोघांचं एम.एस्सी. चाललेलं, दोघांचा विषय कोरडवाहू ज्वारी. त्याचे वडील संगमनेरात गाद्या भरायचे. माझ्या घरी प्रवरेच्या पाण्यावरची बागायत. हा फरक आत्ताच सांगून ठेवतो. नंतर सांगितला तर तो सबबीसारखा वाटेल, आणि खरं म्हणजे तो माझ्या विरुद्धचाच पुरावा आहे.

मला वाचता येत नव्हतं. हसू नका. पदवी पहिल्या वर्गात घेतली होती, पण शोधनिबंध हातात धरला की मी पहिला परिच्छेद वाचायचो, शेवटचा वाचायचो आणि मध्ये काय आहे ते देवावर सोडायचो. छापलंय म्हणजे खरंच असणार! बाकीची मुलं तर जुन्या प्रबंधांतून संदर्भांच्या याद्याच उचलायची. न वाचलेले वीस निबंध एका संध्याकाळी ‘वाचून’ व्हायचे. मीही उचलल्या. यासीननं माझं पहिलं प्रकरण बघितलं आणि कपाळाला हात लावला.

मग त्यानं मला शिकवलं. ग्रंथालयात गोषवाऱ्यांचे जाड खंड असायचे, जगात कुठं काय छापून आलं त्याचा चार-चार ओळींत सारांश. त्यात विषय कसा धरायचा, तिथून मूळ अंकापर्यंत कसं पोचायचं, कार्डांच्या खणात नाव सापडलं नाही तर दुसऱ्या कुठल्या नावाखाली बघायचं — सगळं. निष्कर्ष आधी वाचायचा नाही, आधी मोजलं कसं ते बघायचं. आणि त्याचा लाडका धडा वेगळाच होता. निबंधाच्या शेवटी जे संदर्भ असतात ते मागं नेतात, तो म्हणायचा, आपण पुढं जायचं. “हा मानूस छापून मोकळा झाला. पन मागनं त्याला कोन काय बोललं, ते बघितलं का तू?” नंतरच्या वर्षांच्या सूचीत त्या लेखकाचं नाव पुन्हा पुन्हा शोधायचं. कुणी खोडलंय का, त्यानं स्वतःच काही मागं घेतलंय का. हे सगळं तो रागवत, चेष्टा करत, स्वतःचं काम बाजूला ठेवून शिकवायचा. मी शिकलो. चांगला शिकलो — तिथंच घोडं पेंड खातं.

यासीनचा सगळा प्रबंध एका परदेशी निबंधातल्या कोष्टकावर उभा होता. ज्वारीत कोळपणी करून वरची माती मोकळी केल्यावर जमिनीतली ओल किती टिकते, याचा हिशेब तो त्या कोष्टकावरून करायचा. एका शनिवारी दुपारी मी माझंच काहीतरी शोधत होतो. संशोधनपत्रिकेच्या नुकत्याच आलेल्या सुट्या अंकात त्या कोष्टकाच्या लेखकाचं नाव दिसलं. त्यानंच शिकवलेलं ना — पुढं जायचं. अर्ध्या पानाची टीप होती. लेखकानं कबूल केलं होतं की त्या कोष्टकात आपली चूक झाली, मातीच्या वजनाचं गणित चुकलं, त्यावरून काढलेले आकडे धरू नयेत.

तेव्हा यासीनची ज्वारी अजून रानात उभी होती. माती पुन्हा काढून मोजता आली असती. फार तर पंधरवड्याचं काम. मी उठून खोलीवर जायचं आणि म्हणायचं, अरे यासीन, हे बघ. एवढंच करायचं होतं.

का नाही केलं? खात्यात संशोधन सहाय्यकाची एकच जागा निघणार होती. ती त्यालाच मिळणार हे सगळे धरून चालले होते, आणि बरोबरच होतं. मला त्या जागेची गरज होती का? नव्हती. घरी ऊस होता. मग? खरं सांगू का — मला त्याच्या हाताखालून निघायचं होतं. जो माणूस आपल्याला सगळं शिकवतो, त्याच्याकडे रोज सकाळी तोंड करून बसणं मला जड जायला लागलं होतं. एवढं हलकं कारण. याहून मोठं काहीतरी सापडेल म्हणून मी बरीच वर्षं शोधत राहिलो, पण दुसरं काही नाहीच.

वर्षभराचे अंक जमले की ग्रंथालयात त्यांचा सुतळीनं गठ्ठा बांधायचे आणि तो बाइंडिंगला नगरला जायचा. गेला की चार-सहा महिने तोंड दिसायचं नाही. त्या दिवशी मागच्या वर्षाचे गठ्ठे दाराशी तयार होते. मी एकाची सुतळी सैल केली, तो नवा अंक मध्ये सरकवला आणि गाठ पुन्हा आवळली. सोमवारी गठ्ठे गेले.

इथं थांबलो असतो तरी मी स्वतःला कदाचित फसवू शकलो असतो. पण यासीन तो यासीन. महिन्याभरात त्याला सूचीत त्या टिपेचा नुसता उल्लेख सापडला — मथळा आणि पान, बस. तो रॅकवर अंक शोधायला गेला आणि मोकळ्या हातानं परत आला. पुण्याच्या ग्रंथालयात असंल, म्हणाला, सकाळच्या एस.टी.नं जाऊन येतो. पिशवी भरायला घेतली. आणि मी, कॉटवर आडवा पडल्या पडल्या, त्याला सांगितलं की तो अंक मी चाळलाय, ती टीप छपाईच्या किरकोळ चुकांची आहे, आपल्या कामाचं त्यात काही नाही, उगाच दिवस घालवू नकोस.

तो पिशवी धरून माझ्याकडे बघत राहिला. स्वतः न वाचलेल्या कागदावर त्यानं आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. मग म्हणाला, “तू वाचलंय ना? मग झालं.”

त्यानं पिशवी रिकामी केली.

ज्वारी निघाली, रान नांगरलं गेलं, प्रबंध टाइप झाला. आणि मग पाऊस आलाच नाही. तोंडी परीक्षेच्या दिवशी खोलीत बाहेरून आलेले परीक्षक, आमचे मार्गदर्शक आणि मागं आम्ही विद्यार्थी. परीक्षकांचा तिसरा की चौथा प्रश्न तोच होता. लेखकानं स्वतःच हे कोष्टक मागं घेतलंय, तुम्ही ती टीप पाहिली नाही का?

यासीननं वळून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी त्या वेळी उठू शकत होतो. ‘सर, यानं शोधली होती, मी त्याला अडवलं’ — सात-आठ शब्दांचं काम. बोलणं माझ्या हातात नव्हतं का? होतं. मी बसून राहिलो. तो परीक्षकांकडे वळला आणि म्हणाला, नाही सर, माझ्या वाचनातून राहून गेली. माझी चूक आहे.

माझं नाव त्यानं घेतलं नाही. का घेतलं नाही? हा प्रश्न मी इतक्यांदा उगाळलाय की आता त्याला काही अर्थच उरला नाही.

प्रबंध परत आला. पुन्हा पेरा, पुन्हा मोजा, पुढच्या हंगामात सादर करा. कुठला हंगाम? त्या वर्षी जिल्ह्यात पेरायला ओलच नव्हती, माणसं खडी फोडायला जात होती. त्याची शिष्यवृत्ती संपली. घरून तगादा नव्हता, पण वडिलांना दम लागायला लागला होता, कापसाच्या धुळीनं. यासीननं श्रीरामपुरात बियाण्याच्या एका दुकानात नोकरी धरली. तिथंच तो पंचवीसेक वर्षं गल्ल्याशेजारी उभा राहिला आणि तिथंच संपला. मी मातीला गेलो नाही. त्या दिवशी माझं व्याख्यान होतं — संदर्भ कसे शोधावेत आणि कसे पारखावेत. आयुष्यभर तेच शिकवत आलो, त्याच्याच शब्दांत, आपलं म्हणून.

यासीन कॉलेज सोडून निघाला त्या सकाळी त्याची ट्रंक राहुरीच्या स्टँडवर मीच उचलून नेली. गाडी लागल्यावर त्यानं ट्रंक टपावर चढवली, खाली उतरून हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “जागा आता तुलाच मिळंल. चांगलं काम कर, भास्कर.”

म्हणजे त्याला कळलं होतं. मी मान हलवली. तो आत जाऊन खिडकीशी बसला. गाडी सुटेपर्यंत बराच वेळ होता, आणि त्या सगळ्या वेळात मला सांगता आलं असतं. मी गाडी हलायची वाट बघत उभा राहिलो. ती हलली, वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मला काय वाटलं ते ऐका — मला बरं वाटलं. मोकळं वाटलं. स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन मी भजी खाल्ली.