सोलकढीचा उतारा

लालबागच्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या काकींना कुणाचं दुखणं बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

माझ्या गर्भाशयात गाठ होती, साधीच. डॉक्टरांनी पोट न फाडता बारीक सुई आत नेऊन, उष्णता देऊन ती जाळली. दुसऱ्या दिवशी मी चालत घरी आले, तर काकी टोपभर सोलकढी घेऊन दारात उभ्या.

"डॉक्टर उष्णता घालून मोकळे झाले. ती बाहेर काढायची कोणी?"

त्या दिवसापासून माझा चहा बंद, पापड बंद. अंडी उष्ण म्हणून त्या आपल्या घरी घेऊन गेल्या.

एका दुपारी त्यांनी माझ्या नवऱ्याला कोथिंबीर आणायला पिटाळलं, दार लोटलं आणि चाळभर ऐकू जाणारा आवाज एकदम खाली आणला.

"खूप दुखलं गो?"

"नाही हो काकी, फारसं नाही."

"मग माझी पण गाठ दाखवू? कधीपासून अंगावर काढतेय."

मीच त्यांना घेऊन गेले. त्यांचीही तशीच जाळली. त्या घरी आल्यावर मी सोलकढी घेऊन गेले, तर काकींपुढे वाफाळता चहा आणि दोन उकडलेली अंडी.

"माझी प्रकृती मूळचीच थंड गो," त्या माझ्यावरच खेकसल्या.