पंखा नसलेल्या विमानाची वाट

लढाई संपली आणि हे हवाई दलातून सुटून घरी आले, तेव्हा आमची मुलगी चालायला लागली होती. तिने ह्यांना त्याआधी पाहिलंच नव्हतं. ती माझ्या पदराआड लपली. हे दाराशीच ट्रंकेवर बसून राहिले, ती आपणहून जवळ येईपर्यंत. मी म्हटलं, "अहो, उचलून घ्या की." म्हणाले, "असू दे. येईल." थांबायचं ह्यांना कधी जड गेलं नाही. पुढे जे झालं त्यात ह्या स्वभावाचाही वाटा होता, असं मला आता वाटतं.

माझं माहेर नेवाशाचं, ह्यांचं गाव जामखेडकडचं खर्डा. आम्ही मात्र नगरला लागून असलेल्या भिंगारमध्ये राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे थोडं अंगण. छावणी जवळ, त्यामुळे मोडीत निघालेल्या लष्करी गाड्या, विहिरीवरची तेलाची इंजिनं अशी दुरुस्तीची कामं ह्यांना मिळत. लढाईची सगळी वर्षं ह्यांनी विमानांच्या इंजिनांवर काढली होती. इंजिन सुरू करायचं, समोर उभं राहायचं आणि आवाजावरून दोष ओळखायचा. कधीकधी डोक्यावरून विमान जायचं, तेव्हा हे जेवणाच्या ताटावरूनसुद्धा मान वर करत आणि कुठल्या जातीचं विमान आहे ते न बघता सांगत.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागेच मुंबईच्या एका विमान कंपनीत ह्यांच्या जुन्या साहेबांना मोठी जागा मिळाली. त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. कंपनीकडे तेव्हा लढाईतली जुनी, लहान विमानं होती, आणि त्यांच्यावर पुरेशी माणसं होती. पण परदेशात एका मोठ्या, चार इंजिनांच्या प्रवासी विमानाची ऑर्डर दिलेली होती. तसल्या विमानात वैमानिकांच्या मागे बसून फक्त इंजिनांकडे लक्ष देणारा एक माणूस लागतो. त्याला फ्लाइट इंजिनिअर म्हणतात. त्या जागेसाठी साहेबांनी ह्यांना निवडलं आणि सांगितलं, विमान आलं की बोलावतो, तोवर घरीच थांबा.

"किती दिवस?" मी विचारलं.

"वर्षभर धर. तिकडे कारखान्यात बांधायला घेतलंय."

हे सगळं ते अगदी साधेपणानं सांगत होते, पण बोलताना हात मात्र हवेत चालत होते. इंजिनिअर कुठं बसतो, त्याच्यापुढे घड्याळांसारख्या तबकड्यांची केवढी भिंत असते. ज्या माणसाने आयुष्यभर विमानाखाली उभं राहून तेल अंगावर घेतलं, तो आता आत बसून जाणार होता. मला फार आनंद झाला होता, हे खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास नेवाशाहून माझा थोरला भाऊ आला. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेली. तिथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची एक जागा होत होती. "तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय," भाऊ म्हणाला. मी चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "दादा, आम्ही मुंबईला जाणार आहोत. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे."

मग आम्ही वाट बघायला लागलो.

वाट बघणं ही करायची गोष्ट नसते, पण घरात दुसरं काही करू देत नाही. अंगणात कढीपत्त्याचं रोप लावायचं मनात आलं की वाटे, कशाला, आपण तर जाणार. मुलीला भिंगारच्या शाळेत घालायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, तिकडेच एकदम घालू. एका खोलीचं छत गळत होतं. मालकाला सांगायचं राहून गेलं, कारण आम्हाला तिथं राहायचंच नव्हतं. पुण्याची सरकारी प्रवासी मोटार नुकतीच सुरू झाली होती, आणि तिच्या दुरुस्तीच्या कामावर माणसं घेत होते. ओळखीच्या एकाने ह्यांच्यासाठी निरोप आणला. मोठ्या मिस्त्रीची जागा, कायमची. ह्यांनी त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर मी त्याचा पेला उचलून घासायला घेतला. माझ्या मनातलं ह्यांना कळलं असावं. म्हणाले, "आत्ता तिथं शिरलो आणि विमान आलं, तर त्यांना मध्येच सोडून जायचं का? बरं दिसेल का ते?"

वर्ष गेलं. आधी कळलं, कारखान्यात संप झालाय. मग कळलं, विमान तयार झालं, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या कंपनीला आधी दिलं. हे मधूनमधून मुंबईला जात आणि परत येत. आल्यावर पाय धुताना पाठमोरेच सांगत, "अजून नाही."

त्या पावसाळ्यात खर्ड्याहून सासरे आमच्याकडे राहायला आले. निजामाची हद्द त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. पलीकडे गडबड चालली होती, लोक रातोरात इकडे येत होते, म्हणून ह्यांनी जाऊन त्यांना आणलं. आबा एकटेच, सासूबाई लवकर गेलेल्या. पुढे हद्दीपलीकडचं शांत झालं, पण तोवर त्यांना मुलीचा लळा लागला होता. ते राहिलेच.

वर्ष-दोन वर्षांनी एक दिवस हे मुंबईहून आले ते वेगळेच दिसले. पाय न धुताच अंगणात बसले.

"ऑर्डर बदलली," म्हणाले. "चार पंख्यांचं आता नको म्हणे. नवं निघालंय. जेट. पुढं पंखाच नाही त्याला."

आबा सुपारी कातरत होते. ते थांबले. "पंखा न्हाई तर उडंल कसं?"

ह्यांनी मला स्टो आणायला सांगितला. पेटवला, हवा भरली, आणि निळी ज्योत सरसर वर आली तशी तिच्याकडे बोट दाखवलं. "आबा, हे बघा. ही ज्योत जशी जोरानं वर फेकली जाते, तशी ते मागं फेकतं. त्याच्या जोरावर पुढं जातं."

"म्हंजी लई मोठा स्टो हाय म्हन की."

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मी विचारलं, "मग ते कधी येणार?"

हे ज्योतीकडेच बघत होते. मी पुन्हा विचारलं. तेव्हाही उत्तर आलं नाही. आबांनी ह्यांच्या गुडघ्याला हात लावला, "आरं, ती काय म्हनती," तेव्हा कुठं वळून म्हणाले, "काय?"

मला वाटलं, स्टोच्या आवाजामुळे असेल.

पण ते मनातून जाईना. मग मी बघायला लागले. मुलगी मागून "बाबा, बाबा" करत आली की हे तसेच पुढे चालत. आबा बोलत तेव्हा हे त्यांच्या ओठांकडे बघत. आणि एका दुपारी, हे अंगणात बाजेवर बसून काही घासत होते, तेव्हा वरून विमान गेलं. खूप खालून, मोठा आवाज करत. शेजारणी बाहेर आल्या. आमची मुलगी धावत अंगणात गेली आणि वर बोट दाखवून नाचायला लागली. ह्यांनी आधी मुलीकडे बघितलं, मग तिच्या बोटाकडे, आणि मग वर.

मी दारातच उभी होते. हातातलं पीठ मळायचं तसंच राहिलं.

शेजारणी आत गेल्यावर मी ह्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. "अहो, कुठल्या जातीचं होतं ते?"

"लांब होतं."

"लांब नव्हतं."

ह्यांनी घासायचं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "उजव्या कानानं थोडं येतं. डाव्याचं गेलं. लढाईतच सुरुवात झाली होती. कानात कापसाचे बोळे घालून इंजिनासमोर उभं राहायचो आम्ही. तिथल्या सगळ्यांचंच असं झालंय."

"साहेबांना माहीत आहे?"

"नाही." आणि मग, जणू मला धीर द्यायला म्हणून, "जेटमध्ये आवाज फार कमी असतो म्हणतात. आत बसलेल्या माणसाला आपल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते."

मी उठून आत गेले आणि पीठ मळत बसले.

हिवाळ्यात बोलावणं आलं. विमान अजून तयार नव्हतं, पण निवडलेल्या माणसांना ते शिकण्यासाठी विलायतेला पाठवायचं ठरलं होतं, आणि त्याआधी डॉक्टरी तपासणी व्हायची होती. लढाईतल्या तपासणीवरून ह्यांना ठाऊक होतं की कान कसे तपासतात. डॉक्टर मागे जाऊन उभा राहतो, हळू आवाजात शब्द बोलतो, आणि आपण तो पुन्हा म्हणायचा.

रोज दुपारी आम्ही त्याचा सराव करू लागलो. हे अंगणाच्या एका टोकाला भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि मी दुसऱ्या टोकाला. मी हळूच म्हणायची, "नेवासा." हे म्हणायचे, "नेवासा." मी म्हणायची, "खर्डा." हे गप्प. मग मी थोडी पुढे सरकायची. "खर्डा." हे म्हणायचे, "परडा?" आबा ओट्यावर बसून बघत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आम्ही मुलीला खेळवतोय. मग त्यांना कळलं, आणि ते उठून आत जायला लागले.

आठवडा गेला आणि हे बरोबर सांगायला लागले. मला उमेद वाटली. कान म्हणजे एखादा गंजलेला पुर्जा असेल, वापरून वापरून सुटला असेल, असं मी धरून चालले. त्या दिवशी आबांनी मला चुलीपाशी गाठलं. "पोरी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तू रोज मोठ्यानं बोलायलीस. गल्लीतनं ऐकू येतंय."

मला खरंच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यासारखी हळू बोलले. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते, पाठ ताठ, मान किंचित उजवीकडे कललेली. मी तीन-चार शब्द बोलले. हे तसेच वाट बघत उभे राहिले. मग मीच पुढे गेले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आजच्यापुरतं," म्हटलं. त्यानंतर आम्ही सराव केला नाही.

हे मुंबईला गेले. मी म्हटलं होतं, मी येते बरोबर. म्हणाले, आबांचं जेवण कोण बघेल. परत आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अजून उजेड होता. ह्यांनी टोपी खुंटीला लावली, मुलीसाठी आणलेली खारी बिस्किटं तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

काय झालं ते मला नंतर थोडंथोडं करून समजलं. डॉक्टर वयस्कर होते, चांगले होते. ते मागे गेले. ह्यांना काहीच ऐकू आलं नाही. "मला कळेचना," हे म्हणाले, "त्यांनी बोलायला सुरुवात केलीय की नाही. म्हणून मी थांबलो. म्हटलं, बोलतील. बराच वेळ थांबलो. मग ते पुढे आले आणि मला खुर्चीवर बसायला सांगितलं. तेव्हा समजलं की ते बोलून झालेलं होतं."

साहेब ह्यांना बाहेर भेटले. त्यांना वाईट वाटलं. विमान आल्यावर खाली, हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडमध्ये, काही काम बघू म्हणाले. ह्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तेही घडलं नाही. ते जेट त्या कंपनीकडे आलंच नाही. वर्षभराच्या आतच कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि नव्या लोकांनी ऑर्डर रद्द केली. ह्यांच्याबरोबर निवडलेला एकजण, विलायतेला जाऊन शिकून आलेला, आम्हाला भेटायला भिंगारला आला होता, त्याने सांगितलं. तो स्वतःही घरी बसून होता. मी मोठ्यानं आणि तोंड समोर करून ते ह्यांना पुन्हा सांगितलं. ह्यांनी ऐकलं, आणि त्या माणसाला विचारलं, "पण तुम्ही आत बसून पाहिलं ना?"

"बसलो. एकदा उडालोसुद्धा."

"कसं वाटतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, सांगू की नको अशा नजरेनं. मग हात आडवा धरून हळूच पुढे सरकवला, पाण्यावरून काही घसरत जावं तसा. हे त्या हाताकडे बघत राहिले.

पुढे हे प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात यंत्रांवर लागले. तिथं इतका आवाज असायचा की कुणाचंच कुणाला ऐकू येत नसे, सगळे खुणांनीच बोलत. त्यामुळे तिथं ह्यांचं अडलं नाही. मला नेवाशाच्या शाळेत अखेर जागा मिळाली, पहिली मिळाली असती त्याहून खालची. मुलगी आपल्याहून लहान मुलींच्या वर्गात बसली. आम्ही नेवाशाला बिऱ्हाड केलं होतं; आबा तिथंच वारले. शेवटी ते काहीतरी पुटपुटत होते. हे त्यांच्या तोंडापाशी उजवा कान नेऊन बसले होते, आणि मग माझ्याकडे बघायचे, काय म्हणतायत ते मी सांगावं म्हणून. पण आवाज इतका क्षीण होता की मलाही नीट कळत नव्हतं. मी आपलं ह्यांना खुणेनं सांगितलं, पाणी मागतायत.

ह्यांनी उठून पाणी आणलं, आणि आबांनी ते घेतलं.