लीलाधर नानांच्या लाल रेघा

रावेरच्या लीलाधर नानांना व्यसन एकच, पुस्तकांचं. बायको लताबाई म्हणतात, "त्यापेक्षा तंबाखू बरी होती, निदान तोंड बंद राहिलं असतं!" कारण नाना वाचतात ते मोठ्यानं. दुपारी केळीच्या बागेत स्पेनमधली चारशे वर्षांपूर्वीची जाडजूड कादंबरी मराठीतून चालायची. ऐकायला एकटा भटू. मूळचा धुळ्याकडचा, पण तीस वर्षं नानांकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी.

कादंबरीत एक खुळा मालक आणि त्याचा खादाड चाकर. मालक चाकराला पानोपानी 'मित्रा' म्हणतो. नाना प्रत्येक 'मित्रा'खाली लाल पेन्सिलीनं रेघ मारायचे. पण खरी गोम पकडली भटूनं.

"नाना, मालक मित्रा म्हनस, नि दोन पानंमा चाकर मार खास!"

नानांनी मागच्या रेघा तपासल्या. बरंचसं खरं निघालं.

पुढे चैत्रात व्यापाऱ्याचा ट्रक भरताना भटूच्या हातून घड निसटला. नाना चारचौघांत ओरडले, "डोळे फुटले का रे?" भटूनं त्याच संध्याकाळी गाठोडं उचललं आणि धुळ्याला लेकीकडे गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं नवं साल ठरतं. ओट्यावर नाना दिवसभर रस्त्याकडे बघत बसले. भटूच्या वाटचा आमरस तसाच राहिला. त्यांनी कादंबरीचा दुसरा भाग उघडला, दोन पानं वाचली, मिटला. एकट्याला हसूच येईना.

"लावा की फोन," लताबाई म्हणाल्या. "आता कसं टाळं लागलं तोंडाला?"

नानांनी फोन लावला, घसा खाकरला.

"मित्रा भटू..."

 पलीकडून आवाज आला, "आते कोठे मार खावाना शे, नाना?"

लताबाईंनी पदर तोंडात कोंबला. नाना घामाघूम.

"चुकलं माझं. लोकांसमोर बोलायला नको होतं."

"मन्हाथीन आते काम व्हत नही, नाना."

"कामाला कोण बोलावतंय? दुसरा भाग उरलाय. ऐकायला ये."

"चाकर जगस ना शेवटले?"

"तू आल्याशिवाय वाचणार नाही. मला काय ठाऊक?"

तिसऱ्या दिवशी भटू हजर. सवयीनं जमिनीवर टेकणार, तर नानांनी खाटेवर सरकून जागा केली. भटू बसला, खाट करकरली. नाना वाचू लागले. भटू अंगठाबहाद्दर, पण लाल रेघा बघून बघून तेवढा एक शब्द त्याला ओळखू यायला लागला होता. त्यानं पानावर बोट ठेवलं.

"थांबा नाना. हाई एक तुम्ही सोडी दिन्हं."

नानांनी पेन्सिल त्याच्या हातात दिली.