डावा रकाना

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर एका जुन्या मराठी चित्रपटाचा तुकडा पाठवलात. विहिरीवर एक बाई कमरेवर हात ठेवून पाटलाशी भांडते आहे, आणि बोलते अशी की वाक्यावाक्याला हसू यावे. खाली रेवाने लिहिले होते, ‘आजी, तुझ्या गावाला खरंच असं बोलतात का?’ ईशानने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांगच लावली होती. मी तो तुकडा चार वेळा पाहिला आणि तुम्हाला चार दिवस उत्तर दिले नाही. मला राग आला होता. अजून आहे. रागाच्या भरात फोनवर बोलले असते तर वाटेल ते बोलून बसले असते, म्हणून टेबलाशी बसून क्रमाने लिहिते आहे. ती बाई तुमच्या आजोबांची सख्खी धाकटी बहीण. तिला घरात सगळे आक्का म्हणत. पडद्यावरचा चेहरा तिचा आहे. आवाज तिचा नाही.

नांदुऱ्याच्या आमच्या घरी रेडिओ बराच उशिरा आला. त्याआधी मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाहुण्यांना सांगत, “रेडिओ कायले पाह्यजे? आमच्या घरी आक्का हाये.” आक्काला कोणाचाही आवाज काढता येत असे. स्टेशनमास्तर, कापसाच्या जिनिंगचा मुकादम, जपमाळ ओढता ओढता गड्यावर ओरडणाऱ्या सासूबाई. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात जमत, त्या गाण्यांपेक्षा आक्काच्या नकलांसाठी. मी बुलढाण्याच्या कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, नागपूरला इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्न होऊन महिना झाला नव्हता, तोच तिने माझीही नक्कल केली. मान किंचित वाकडी करून म्हणाली, “मला थोडासा चहा मिळू शकेल का?” मग सगळ्यांकडे वळून, “पाह्यलं का? वैनी चहा मांगत नाही, अर्ज करते!” मी हसले. पण मनात कुठेतरी मला ते बरेही वाटले होते, हे आज कबूल करते.

तिचे सासर बीबी गावचे. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि ही माहेरी आली. त्याबद्दल ती कधी रडली नाही. एका दुपारी मात्र तिने आम्हाला त्या घरातले भांडण करून दाखवले. नवरा तीच, सवत तीच, आणि मध्येच दावे तोडून निघणारी म्हैसही तीच. आम्ही पोट धरून हसलो. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्या हसून पुसत नाहीत, हे बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षे झाली असतील. एका पाहुणीला गाडीत बसवायला आक्का आणि मी स्टेशनवर गेलो होतो. नागपूरकडे जाणारी गाडी इंजिन बिघडून तीन तास अडकून पडली होती. फलाटावरच्या नळाला पाण्याची बारीक धार. एक म्हातारी घागर लावून उभी. तेवढ्यात पहिल्या वर्गातून एक गृहस्थ उतरले, त्यांनी पायाने तिची घागर बाजूला सारली आणि आपल्या नोकराचा फिरकीचा तांब्या धारेखाली लावला. मी मनात ‘किती असभ्य’ असे म्हणाले आणि उभी राहिले. आक्का पुढे गेली.

“काऊन हो शेटजी, नळ काय तुमच्या डब्याले जोडून आनला का? ही म्हातारी मघापासून उभी हाये. तुम्हाले तहान लागली, अन् तिले काय उभं राहाची हौस लागली?”

शेटजी काही म्हणायला गेले, तर तिने तांब्या उचलून नोकराच्या हातात दिला. “धर बे. तुह्या मालकाले सांग, नांदुऱ्यात पानी रांगेनं मिळते.”

फलाटभर माणसे उभी राहून ऐकत होती. त्याच गाडीतून एक चित्रपट दिग्दर्शक चालले होते. ते खाली उतरले, म्हातारीची घागर भरेपर्यंत थांबले, आणि मग आक्काला नमस्कार करून म्हणाले, “बाई, माझ्या पुढच्या चित्रपटात एक विहिरीवरचा प्रसंग आहे. मला हेच हवं आहे.” त्यांनी आमचा पत्ता लिहून घेतला. आम्हाला ती थट्टा वाटली. महिन्याने पत्र आले. तीन महिन्यांनी पुण्याला स्टुडिओत यावे, सोबत घरचे कोणी आणावे, आणि शेवटी, ‘जशा आहात तशाच या.’ मला वाटले, मोठ्या माणसांची ही सौजन्याची रीत.

घरात दोन दिवस नुसती कुजबुज चालली. मग मामाजीच जेवता जेवता म्हणाले, “नवऱ्यानं टाकली तवा गावानं इचारलं नाही. आता पिच्चरवाल्यानं बलावलं, तं गाव काय म्हनन म्हनून घाबरू का? जाऊ द्या तिले. तिची वैनी जाईन संगं.”

आता माझ्याबद्दल. मला भीती कसली वाटली असेल? माझ्या घरातली बाई पुण्यात तोंड उघडेल आणि लोक हसतील, एवढी एकच. म्हणून मी एक वही केली. पट्टीने मधोमध रेघ मारली. डाव्या रकान्यात आक्का जे बोलते ते जसेच्या तसे, उजव्या रकान्यात त्याचे शुद्ध मराठी. रोज दुपारी जेवणे आटोपली की आम्ही ओसरीवर बसत असू. डावीकडे, ‘काऊन हो शेटजी, नळ काय तुमच्या डब्याले जोडून आनला का?’ उजवीकडे, ‘महाशय, हा नळ सर्वांसाठी आहे.’ ती दहा दहा वेळा म्हणायची. अक्षरओळख तिला बेताचीच होती, सगळे कानाने उचलायची.

एकदा ती वहीवर बोट ठेवून म्हणाली, “वैनी, ह्या उजव्या बाजूनं भांडन होत नाही वं. राग आला तं काय करावं?”

मी म्हणाले, “राग सभ्यपणेही व्यक्त करता येतो, आक्का.”

“तुले येत असन,” ती म्हणाली. “मले तं असं बोलून उलटी माफी मांगावशी वाटते.”

मी हसून पुढचे वाक्य घेतले. तिसऱ्या महिन्यात ती तंतोतंत माझ्यासारखी बोलू लागली, आणि मला स्वतःच्या शिकवण्याचे कौतुक वाटले. ती फक्त माझी नक्कल करत होती, हे कळण्याइतकी माझी बी. ए. कामाची नव्हती.

स्टुडिओत प्लास्टरची विहीर बांधली होती. दिवे लागले, पाटील झालेल्या नटाने बादली लाथाडली, आणि आक्का मान किंचित वाकडी करून म्हणाली, “महाशय, ही विहीर सर्वांसाठी आहे.”

दिव्याजवळचा एक माणूस फस्सकन हसला. दिग्दर्शकही हसले, त्यांना ती गंमत वाटली. पुन्हा घेतले. पुन्हा तेच. मग ते जवळ येऊन म्हणाले, “बाई, स्टेशनवर बोललात तशा बोला. अगदी तशा.” आक्काने माझ्याकडे पाहिले. माझ्या शेजारी खुर्च्यांवर पुण्याच्या तीन बायका बसल्या होत्या, इस्त्रीच्या साड्या, हातात पर्स. मी आक्काकडे पाहून मान हलवली. नको, अशी.

मुलांनो, ती माझी मान होती. दुसऱ्या कोणाची नाही.

दुपारनंतर दिग्दर्शकांनी मला बाजूला घेऊन विनवले, तेव्हा कुठे मी आक्काला म्हणाले, तुला हवे तसे बोल. पण तोवर तिच्या जिभेवर दोन्ही रकाने एकमेकांना अडखळत होते. वाक्य ‘काऊन हो’ने सुरू होई आणि ‘आहे’वर जाऊन पडे. जिने कधी शब्द शोधला नाही, ती बाई घाम पुसत, ओठ हलवत उभी होती. दिग्दर्शकांना एक दिवस थांबता आले असते. ज्या बोलण्यासाठी तिला तीनशे मैलांवरून बोलावले, त्यासाठी एक दिवस. ते म्हणाले, “सेट उद्या मोडायचाय. तुम्ही नुसते ओठ हलवा, आवाजाचं आम्ही नंतर बघू.”

त्यांनी काय पाहिले ते नांदुऱ्याला कळले. दुसऱ्या वर्षी चित्रपट टुरिंग टॉकीजमध्ये आला. दोन दिवस टांग्यावरचा भोंगा ओरडत होता, ‘आपल्या नांदुऱ्याच्या आक्काबाई पडद्यावर!’ संध्याकाळच्या पहिल्या खेळाला सगळा गाव तंबूत. कनातीच्या अलीकडे आम्ही बायका, पलीकडे पुरुष. विहिरीचा प्रसंग आला. आक्काने तोंड उघडले आणि कोण्या भलत्याच बाईचा चिरका आवाज बाहेर पडला. पुण्याची कोणी नटी असेल. वऱ्हाडात तिने पाऊल टाकले नसणार. दर शब्दाला शेपूट लावले, नाकातून हेल काढले, की झाली वऱ्हाडी, असा तिचा हिशेब. आणि रागाचा तो प्रसंग मागे सनई-ढोलकी लावून त्यांनी विनोदी करून टाकला होता. म्हातारीच्या घागरीसाठी उठलेला तो राग. आमच्या बोलण्यात राग असू शकतो, दुःख असू शकते, हे त्यांच्या डोक्यातच आले नाही. नोकराणीने आणि गावंढळाने बोलायची ती भाषा, हसायला.

तंबूत आधी काही पोरे हसली. मग पुरुषांच्या बाजूने एक आवाज आला, “आक्का, तुहा आवाज कोनं नेला वं?”

त्यावर मात्र सगळा गाव हसला. उभ्या आयुष्यात कोणाचे उत्तर उधार न ठेवलेली आक्का गप्प बसून राहिली. घरी परतताना वाटेत म्हणाली, “वैनी, राग तं माहा होता न? तोबी दुसरीनंच केला.”

पुढे तिला आणखी चार चित्रपट मिळाले. चेहरा चांगला होता. पत्रांत ठरलेले वाक्य असे, ‘आवाजाची व्यवस्था आम्ही करू.’ एकात ती मोलकरीण, दोनात गर्दीतली बाई, एकात मेलेल्या पोराची आई, आणि दरवेळी नवी बाई तिच्या ओठांतून बोलली. सुरुवातीच्या पाट्यांवर तिचे नाव कधी आले नाही. त्या चौथ्यानंतर आलेले पत्र तिने फाडून चुलीत घातले. “माहं तोंड नेतात, अन् बोलनं घरी ठेवून ये म्हनतात. असं मढं नेतात वं.” घरात नकला तिने केव्हा थांबवल्या, ते सांगता येत नाही. एका भुलाबाईला बायका आल्या, वाट पाहून गेल्या. त्याच सुमारास आमच्याकडे खराखुरा रेडिओ आला.

मी एकदा तिच्यापाशी रडले. ती ज्वारी निवडत होती. न थांबता म्हणाली, “तू काऊन रडून राह्यली? तू मले तुहं चांगलं लुगडं नेसवलं. मले ते बसलं नाही. एवढंच न?” तिने मला माफ केले. तो तिचा मोठेपणा. मी स्वतःला केलेले नाही, आणि तुम्हीही ‘आजीचा हेतू चांगला होता’ वगैरे लिहून पाठवू नका. हेतू काय होता ते वर लिहिले आहे. मला माझे हसे होऊ द्यायचे नव्हते. आणि तिचे मी असे हसे करून ठेवले की तिच्याच भावाची नातवंडे दुसऱ्या खंडात बसून हसली.

पुढे आजोबांनी अकोल्याहून टेपरेकॉर्डर आणला. मी नीट चिठ्ठ्या लावून सगळ्यांचे आवाज भरून घेतले. मामाजींचा हरिपाठ, तुमच्या बाबांची शाळेतली कविता. आक्कासमोर माइक धरला आणि म्हणाले, बोल ना काहीतरी. तिने त्या फिरणाऱ्या फितीकडे पाहिले. मग विचारले, “काय बोलू? डावं का उजवं?” मी यंत्र बंद केले. तेवढे शब्द तरी ठेवायला हवे होते, पण मला ते ऐकवेनात, आणि त्यावर मी सासूबाईंची आरती भरली. तुमचे बाबा दहावीला असताना आक्का गेली. तीन दिवसांचा ताप. शेवटच्या दिवशी ती आपले आपणच बोलत होती, भरभर, तिच्याच बोलीत. मी पाणी पाजत बसले होते, वही-पेन्सिल आणायला उठले नाही.

तिचा आवाज आज कुठेही नाही. पाच चित्रपटांत तिचे ओठ आहेत. मात्र ती वही मी टाकली नाही. मी धड्यासाठी उतरवून घेतलेली तिची वाक्ये तीत आहेत. ‘लई उडू नको, खाली वावर आपलंच हाये.’ ‘तो मानूस म्हंजे कापसाचं गठोडं, दिसते मोठं, उचललं तं हलकं.’ ‘भाकर करपली तं तव्याले कायले शिव्या देतं?’ चुकीची म्हणून लिहिली होती, म्हणून एकही अक्षर बदललेले नाही. उजव्या रकान्यावर मी कागद चिकटवला आहे. पानांचे फोटो उद्या पाठवते. मोठ्याने वाचा, आणि ज्या वाक्यात राग आहे तिथे रागाने वाचा.

वही अडतीस पानांची आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत. डावा रकाना अजून वाचता येतो.